बिनटाका

आमच्या पाथर्डीकडे बायका एकमेकींना विचारायच्या, ‘‘तुझं टाक्याचं झालं का बिनटाक्याचं?’’ यापुढे काही सांगावं लागत नसे. टाक्याचं म्हणजे पोटावर छेद घेऊन केलेली कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, आठवडाभर खाट आणि टाके काढायला पुन्हा दवाखाना. बिनटाक्याचं म्हणजे बेंबीखाली जेमतेम नखाएवढा छेद, त्यातून आत घातलेली दुर्बीण, दोन्ही बीजनलिकांवर एकेक रबरी कडं आणि संध्याकाळच्या जीपने घरी. एखादा टाका तिथेही पडायचाच, पण लोकांनी शब्द घडवला तो बिनटाका. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आमच्या भागात पहिल्यांदा आली ती या शब्दाचा हात धरून, आणि आली ती बायकांच्या पोटावर. पित्ताशय किंवा अपेंडिक्स दुर्बिणीतून काढणं आमच्यापर्यंत पोचायला त्यानंतर बरीच वर्षं जायची होती.

माझ्या धाकट्या बहिणीचं बिनटाक्याचं १९९६ मध्ये झालं. दोन मुलं झाली होती. शिबिराची जीप गावात आली, सासूबाई म्हणाल्या, ‘‘चल, उरकून येऊ,’’ आणि ती गेली. मी तेव्हा पाथर्डीत सर्जन म्हणून नऊ वर्षं काम करत होतो. तिने मला विचारलं नाही. मला कळलं ते चार दिवसांनी, बाजारच्या दिवशी ती दवाखान्यात डोकावली तेव्हा. ‘‘दादा, काहीच नव्हतं रे. मुंगी चावल्यागत झालं.’’ मी बेंबीखालची खूण पाहिली, जखम कोरडी होती. चांगलं काम केलंय, एवढंच मी म्हणालो. तिला हे हवं होतं का, हे मी विचारलं नाही. ऑपरेशन लहान होतं, म्हणून प्रश्नही लहान वाटला असावा. ते न विचारणं पुढे मला वर्षानुवर्षं टोचत राहिलं.

मी शिकलो ती सर्जरी मोठ्या छेदांची होती. छेद मोठा तर नजर मोठी, असं आम्हाला शिकवलं जाई आणि त्यात तथ्य होतं. आत हात गेला की बोटांना कळायचं, आतडं कुठे चिकटलंय, गाठ घट्ट आहे की मऊ. पण त्या छेदाची किंमत रुग्ण कशात मोजतो, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते ऊसतोडीच्या लोकांनी शिकवलं.

दसरा झाला की आमच्याकडच्या वाड्यावस्त्या रिकाम्या होत. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती पावसाळ्यातच खर्ची पडलेली. मग बैलगाडी नाहीतर ट्रक, आणि कुणी प्रवरेच्या पट्ट्यात, कुणी थेट कोल्हापूर-सांगलीला. परत यायचं ते पाडव्याच्या आसपास. त्यामुळे माझ्या दवाखान्यातली हर्नियाची ऑपरेशनं पाडवा ते दसरा या मधल्या महिन्यांत दाटीने लागायची. १९८८ च्या भाद्रपदात एक तिशीतला गडी आला. जांघेत लिंबाएवढा गोळा. जुन्या पद्धतीने मी त्याचे स्नायू ओढून एकमेकांना शिवले आणि बजावलं, तीन महिने जड उचलायचं नाही. त्याने मान हलवली. पाच आठवड्यांनी तो मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होता. पाडव्याला परत आला तेव्हा गोळा पुन्हा तिथेच, आधीपेक्षा मोठा. मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, ‘‘डॉक्टर, तुमचं खरं हाय. पण उचल तुम्ही फेडणार का?’’

त्या दिवसापासून मी रुग्णाला ‘किती दिवस विश्रांती घ्याल’ असं विचारणं सोडलं. किती दिवस घेऊ शकता, असं विचारू लागलो. दोन्हींची उत्तरं फार वेगळी येत.

म्हणूनच मुंबईतल्या डॉ. तेहेमतन उडवाडियांच्या कामाबद्दल वाचलं, तेव्हा मी ते श्रीमंतांच्या सर्जरीचं काम म्हणून बाजूला ठेवलं नाही. १९७२ मध्ये त्यांनी जे. जे. रुग्णालयात पोटातल्या आजारांचं निदान करण्यासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली, आणि ३१ मे १९९० रोजी तिथेच भारतातलं दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन केलं. जे. जे. म्हणजे सरकारी रुग्णालय, हे इथे महत्त्वाचं. हातावर पोट असलेल्या माणसाला लवकर कामावर परतण्याची निकड सर्वांत जास्त, त्यामुळे गरीब देशांना ही सर्जरी परवडत नाही असं न म्हणता ती त्यांना परवडेल अशी केली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती, आणि विकसनशील देशांतल्या दुर्बीण-शस्त्रक्रियेवर त्यांनी आख्खं पुस्तक सिद्ध केलं. युरोपात या कल्पनेची सुरुवातीला हेटाळणीच झाली होती. जर्मनीतल्या कील इथले कुर्ट झेम हे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं तेव्हा शल्यचिकित्सक त्यांच्यावर तुटून पडले. १९८५ मध्ये एरिक म्यूहे यांनी पित्ताशय काढलं, त्यांचीही तीच गत. मोठ्या छेदाला आमच्या व्यवसायात पुरुषार्थाचा वास होता, असं मला आता वाटतं.

मी ही विद्या शिकलो चाळिशीच्या उंबरठ्यावर. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते तंबूसारखं फुगवायचं, बेंबीपाशी कॅमेरा, आणखी दोन-तीन नळ्यांतून लांब दांड्याची हत्यारं. नजर पडद्यावर ठेवायची. हात डावीकडे नेला की हत्याराचं टोक उजवीकडे जातं. बोटांची ओळख गेली आणि खोलीही गेली, कारण पडदा सपाट असतो. इतक्या वर्षांच्या सवयी मोडून हात नव्याने घडवताना मी रात्री घरी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, आत ज्वारीचे दाणे ठेवून ते चिमट्याने एका वाटीतून दुसरीत टाकत बसे. त्यात भारनियमन. वीज गेली की पोटातला उजेड गेला आणि पडदाही गेला, म्हणून दोन इन्व्हर्टर आणि एक जनरेटर ही माझी खरी साधनसामग्री. ईशान्य भारतातल्या ग्रामीण सर्जनांनी वायूऐवजी पोटाची भिंत वर उचलून धरणारी कडी वापरून, नुसत्या कमरेतल्या भुलेवर ही ऑपरेशनं करायची वाट काढली. पुढे इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांच्याबरोबर ते उपकरण सुधारलं. सिलिंडर कुठून आणायचा, पूर्ण भूल देणारा डॉक्टर कुठून आणायचा, या रोजच्या विवंचनेतून ते संशोधन उगवलं. मला अशा संशोधनाबद्दल मनापासून आदर वाटतो.

तसाच आदर दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांबद्दल. हर्नियात स्नायू ओढून शिवण्यापेक्षा जाळीचं ठिगळ लावलं तर ताण येत नाही, गोळा परत येण्याचं भय कमी होतं आणि माणूस लवकर कामाला लागतो, हे एव्हाना जगाला पटलं होतं. पण कंपनीची जाळी हजारांत जाई. धुळे जिल्ह्यातल्या या ग्रामीण सर्जनने मच्छरदाणीचं कापड घेतलं, तुकडे कापले, निर्जंतुक केले आणि वापरले. तुकड्याची किंमत काही रुपये. निरनिराळ्या ठिकाणच्या सर्जनांना बरोबर घेऊन त्यांनी त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात छापले. मोठ्या शहरांत लोक हसले. मी हसलो नाही, माझ्या डोळ्यांपुढे फळीवरून ट्रकवर चढणारा तो गडी होता. पुढे २०१६ मध्ये युगांडात ३०२ पुरुषांवर केलेली रीतसर चाचणी जगातल्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आली. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाच माणसाला हर्निया परत आला होता, महागड्या जाळीच्या गटात एकालाही नाही. दोन्हींत म्हणण्याजोगा फरक नव्हता. दोंडाईच्यात सुचलेली गोष्ट सिद्ध व्हायला युगांडा गाठावं लागलं, याचं मला वाईट वाटतं आणि अभिमानही वाटतो.

इथवरचा हिशोब आनंदाचा आहे. पुढचा तसा नाही.

१९९९ मध्ये एक बाई माझ्याकडे आल्या. पाळीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली होती, त्यात पित्ताशयात दोन खडे दिसले. खड्यांचा त्रास काहीच नव्हता. पोटात कळ नाही, उलटी नाही, कावीळ नाही. अशा मुक्या खड्यांना बहुधा हात लावायचा नसतो, हे मला पक्कं माहीत होतं. मोठ्या छेदाच्या काळात मी त्यांना घरी पाठवलं असतं. पण आता चार भोकांचं काम होतं, तिसऱ्या दिवशी घरी. मी म्हणालो, ‘‘करून टाकू, पुढची कटकट नको.’’ त्यांनी मान डोलावली, कारण डॉक्टर म्हणाले. ऑपरेशननंतर पित्त गळू लागलं. त्यांना पुण्याला हलवावं लागलं, पाच आठवडे त्या रुग्णालयात होत्या, पोटातून नळी बाहेर काढलेली. त्या वाचल्या. त्यांच्या नवऱ्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला सहन होईना. ज्या बाईला काहीही होत नव्हतं तिला मी आजारी केलं होतं.

त्यानंतर मी जुने अंक काढून वाचत बसलो, तेव्हा अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याचा १९९४ चा अभ्यास हाती लागला. दुर्बीण आल्यावर पित्ताशय काढताना रुग्ण दगावण्याचा धोका एक तृतीयांशाने घटला. पण पित्ताशय काढण्याचं प्रमाणच २८ टक्क्यांनी वाढलं. परिणाम हा की एकूण मृत्यू कमी झालेच नाहीत. मी ते पान तीनदा वाचलं. छेद लहान झाला तसा निर्णयही लहान होत गेला होता, मेरीलँडमध्येही आणि पाथर्डीतही. पोटाच्या आत मात्र काहीच लहान झालेलं नव्हतं. पित्ताची नळी तेवढीच नाजूक, रक्तवाहिनी तेवढीच जवळ.

हे एकदा दिसलं की मग सगळीकडे दिसू लागतं. आमच्या शेजारच्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, तेव्हा मला धक्का बसला नाही, लाज वाटली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की दंड. मग पिशवीच काढून टाका, एकदाचं सुटा. त्या बायकांना कुणी बळजबरीने टेबलावर झोपवलं होतं असं नाही. पण ज्या निर्णयाला दुसरा रस्ताच ठेवलेला नाही, त्याला मी निर्णय म्हणू शकत नाही.

आणि २०१४ चा नोव्हेंबर. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया उरकली गेली, तेरा जणी गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. त्या तेरा जणींची बातमी वाचली त्या संध्याकाळी मी धाकटीला फोन केला. अठरा वर्षांनी विचारलं, ‘‘तुला तेव्हा करायचं होतं का गं?’’ बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मला अजून एक पोरगी हवी होती, दादा. पण विचारलं कुणी?’’

त्याच्या आदल्याच वर्षी तिचं दुसरं ऑपरेशन झालं होतं. वजनाचं.

ती १९७२ च्या दुष्काळातली. आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, दिवस भरत आले तरी जात होती. घरात परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी. मी चौदा वर्षांचा. शाळेत मिळालेली सुकडी निम्मी खिशात घालून आईसाठी आणायचो. धाकटी जन्मली ती मूठभर. तेच मूल चाळिशीत ७८ किलोचं झालं, उंची पाच फूट, साखर तीनशेच्या घरात, दोन वेळा इन्सुलिन. लोक तोंडावर म्हणत, ‘‘खाऊन खाऊन बसलीय.’’ ती किती खायची ते मला माहीत होतं. इतर बायकांएवढंच, बहुतेकदा सगळ्यांच्या मागून.

याचा उलगडा मला पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामातून झाला. १९९३ पासून त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेतला. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण तुटवडा होता तो स्नायूंचा आणि अवयवांचा, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आईच्या पोटात उपासमार सोसलेलं शरीर चरबी धरून ठेवायला शिकूनच जन्माला येतं, असं त्यातून दिसतं. २००४ मध्ये याज्ञिकांनी आपला आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजनाचा जो बीएमआय काढतात तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रज गृहस्थांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. त्या एका फोटोने मला जे शिकवलं ते कित्येक ग्रंथांनी शिकवलं नसतं.

धाकटीचा बीएमआय ३३ आणि ३४ च्या मध्ये येत होता. अमेरिकेत १९९१ मध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे मधुमेह असला तरी ३५ च्या खाली हे ऑपरेशन तेव्हा करायचं नसे. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी आशियाई शरीर ध्यानात घेऊन ती रेघ ३२.५ वर आणली होती. म्हणजे परदेशी मापाने ती पुरेशी जाड नव्हती, आपल्या मापाने होती. माप कुणाच्या शरीरावरून बेतलंय, यावर माझ्या बहिणीला उपचार मिळणार की नाही हे अवलंबून होतं.

सुचवलं मीच. पण या वेळी मी ठरवलं होतं की छेद कितीही लहान असो, बोलणं पुरेसं मोठं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. आम्ही अकरा महिने बोललो. जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी उरवतात. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यत्वे त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूक मंदावते. हे सारं पाच भोकांतून होतं. कापलेला भाग परत बसवता येत नाही, हे मी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडहून दीडशे मधुमेही रुग्णांची चाचणी आली होती, तीही सांगितली. वर्षभराने नुसत्या औषधांवर १२ टक्के लोकांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सहाच्या आत आली होती, जठराची नळी केलेल्यांत ३७ टक्क्यांची. ती लगेच म्हणाली, ‘‘म्हणजे शंभरातल्या त्रेसष्टांची नाही आली.’’ सातवीपर्यंत शिकलेली माझी बहीण. मला आमच्याच जिल्ह्यातलं जामखेड आठवलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले आणि कधी शाळा न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. डॉक्टरला उलट प्रश्न विचारणं हे त्या कामाच्या मुळाशी होतं.

धाकटीचे प्रश्न कुठल्याही चाचणीत नव्हते. पंगतीत पानावर टाकून उठले तर यजमान रागावतील, त्याचं काय? चतुर्थीचा उपास सोडताना किती खायचं? मोहट्याच्या देवीची चढण चढता येईल का? शेतात खुरपताना चक्कर आली तर? आणि एकदा, अगदी हळू आवाजात, ‘‘भूकच लागली नाही, तर जेवणाची वाट बघायची ती कशाची?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

ऑपरेशन पुण्यात झालं. एका हंगामाचा कांदा त्यात गेला. वर्षभरात वजन ५६ वर आलं, इन्सुलिन सुटलं. मात्र दुसऱ्या वर्षी केस गळाले, रक्त कमी झालं, कारण लोहाच्या गोळ्या ती विसरत होती. क्लीव्हलँडच्याच रुग्णांचा पाच वर्षांनंतरचा हिशोब २०१७ मध्ये आला. जठराच्या नळीवाल्यांचा ३७ चा आकडा २३ वर उतरला होता, औषधवाल्यांचा १२ चा ५ वर. धाकटीची साखरही सहाव्या वर्षी थोडी वर सरकली, एक गोळी पुन्हा सुरू झाली. तिला ते आधीच ठाऊक होतं, त्यामुळे ती खचली नाही.

मी आता ऑपरेशनं करत नाही. बुधवारी बाजारच्या दिवशी मात्र दवाखाना उघडतो. धाकटी महिन्यातून एकदा बी-१२ चं इंजेक्शन घ्यायला येते, जन्मभर घ्यायचं आहे. परवा आली ती सुनेला घेऊन, म्हणजे माझ्या भाचेसुनेला. दुसरं बाळंतपण नुकतंच झालेलं. तिच्या सासरी नणंदा-जावा सगळ्या म्हणत होत्या, बिनटाक्याचं करून टाक, काही नसतं त्यात. धाकटीने बाही वर केली, सुई टोचून घेतली, कापसाचा बोळा धरला आणि तिला माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. ‘‘विचार मामांना काय विचारायचं ते,’’ म्हणाली, ‘‘आज बाजार उशिरा केला तरी चालेल.’’ आणि दार लोटून स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसली.